मौनाचा अन्वयार्थ

वस्तूला संहिता मानून तिचे वाचन करण्याची रीत आता समीक्षेत रुळली आहे. परंतु ज्या संहितेचा कर्ता तर नाहीच, त्याची भाषाही उरलेली नाही, तिचा अर्थ लावण्याचा अधिकार वाचकाला कोठून प्राप्त होतो? हा प्रश्न केवळ पद्धतीचा नाही, नीतीचाही आहे.

पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी वसलेल्या इनामगावची ताम्रपाषाणयुगीन वसाहत (सुमारे इ. स. पू. १६०० ते ७००) तो तीव्रतेने पुढे आणते. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिचे उत्खनन केले. तांबे दुर्मिळ असल्याने तेथील बरीचशी रोजची कामे कॅल्सेडनीच्या पात्यांनी होत. ही पाती प्रश्नाला उत्तर देतात. तसाच दगड घेऊन, तसाच आघात करून पाते काढून पाहता येते. तर्क चुकला, तर दगडच तो नाकारतो.

घराच्या जमिनीखालचे कुंभ असे उत्तर देत नाहीत. तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले दोन करडे कुंभ, आणि त्यांत मूल. प्रौढांना पुरताना तर पावले तोडलेली. मृताने घर सोडून जाऊ नये, असा याचा एक अर्थ लावला गेला. मग ही माया, की मृत भटकून छळेल ही भीती? पुरावा दोन्ही वाचनांना वाव देतो. एकालाही नाकारीत नाही.

अशा वेळी केवळ प्रकार, माप आणि थर नोंदवून थांबावे, असे म्हणता येईल. परंतु मूल वगळून केलेली कुंभाची नोंद तटस्थ नसते. तीही एक निवडच असते. उलट, आपल्या शोकाची भाषा त्या घरावर लादणे हे आक्रमण होय. जिवंत लेखक समीक्षकाचा प्रतिवाद तरी करू शकतो. येथे ती शक्यताच नाही.

फुटलेले भांडे जुळवताना जाणकार हरवलेल्या तुकड्याची जागा भरतो, पण ती भर मूळ खापराहून किंचित निराळी राखतो. भांडे उभे राहते आणि पाहणाऱ्याची फसवणूकही होत नाही. अन्वयार्थाची नीती याहून वेगळी नसावी. ‘माया’ हा शब्द आपण अवश्य वापरावा. मात्र तो मातीत सापडलेला नाही, आपण भरलेला आहे, हे दिसू द्यावे.