नसलेल्या माणसाला दिलेला शब्द

आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांत माणूस गेलं की पुढच्या काही दिवसांत एक छोटं कार्ड छापलं जातं. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला तारखा, एक प्रार्थना आणि दोन-तीन विशेषणं. माझ्या आजीच्या कार्डावर ‘प्रेमळ, कष्टाळू, श्रद्धाळू’ असं होतं. पहिल्या दोन विशेषणांशी माझं भांडण नाही. तिसऱ्याचं काय करायचं हे मात्र कळत नव्हतं, कारण माझी श्रद्धा नाही.

हे नुसतं विशेषणापुरतं असतं तर चाललं असतं. पण आजीने जाण्याआधी माझ्याकडून एक शब्द घेतला होता : दर वर्षी तिच्या नावाने एक मिस्सा द्यायची. मिस्सा म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना. कार्यालयात नाव नोंदवायचं, ऐपतीप्रमाणे देणगी द्यायची, आणि त्या दिवशी धर्मगुरू मृताचं नाव घेऊन ती अर्पण करतात. कॅथलिक शिकवणीप्रमाणे स्वर्गाच्या वाटेवर शुद्ध होत असलेल्या आत्म्यांना जिवंतांच्या प्रार्थनेची मदत होते. आता मृत्यूनंतर काही उरतं असं न मानणाऱ्या माणसाने हे करावं का? केलं तर ढोंग, नाही केलं तर दिलेला शब्द मोडला.

आक्षेप जुनाच आहे. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकांचा युक्तिवाद दिला आहे. श्राद्धाचं अन्न मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला द्यायची? घरी कुणाला तरी जेवू घाला, त्याचं पोट वाटेत भरेल. मला हा युक्तिवाद आजही बिनतोड वाटतो. तिकडे ग्रीसमध्ये एपिक्यूरस सांगत होता की मृत्यू आपल्याला काहीच नाही; तो असतो तेव्हा आपण नसतो. पण याच एपिक्यूरसने मृत्युपत्रात लिहून ठेवलं की आपला वाढदिवस दर वर्षी पाळावा आणि दर महिन्याच्या २० तारखेला मंडळींनी आपल्या आणि मित्राच्या स्मरणार्थ जमावं. याला कुणी विसंगती म्हणेल. मला वाटतं, त्याला माहीत होतं की शब्द हा देणाऱ्याला बांधतो. घेणारा पाहायला असो वा नसो, बांधिलकी तशीच राहते. आजी तपासायला येणार नाही, एवढ्यावरून मी सुटत असेन, तर मी दिला तो शब्द नव्हताच.

तरीही ढोंगाचा प्रश्न उरतोच. त्यासाठी आजीची श्रद्धा म्हणजे नक्की काय होतं, हे पाहायला हवं.

आजी १९४१ची. सोनचाफ्याच्या पुड्या घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायची. तिथून ती फुलं कुठल्या देवाला वाहिली जातात, याचा तिला फरक पडत नसे. रविवारी मात्र चर्चआधी दुसरं काही नाही. तिच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेला वाट करून दिली आणि पुढे ती मराठीत आली. मी एकदा तिला विचारलं, इतकी वर्षं कळत नव्हतं, मग तू तिथे काय करायचीस? ती म्हणाली, “बसायचे गं. कळायला लागलं म्हणून काय जास्त बसले नाही.”

मी श्रद्धेला विधानांची यादी समजत होते : हे खरं, ते खोटं. आजीची श्रद्धा म्हणजे हजेरी होती. रात्रीच्या रोझरीनंतर ती नावं घ्यायची. गेलेल्यांची, आजाऱ्यांची, आणि शेवटी ‘ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी’. माझ्या कामात एखादा प्रोग्रॅम कशावर अवलंबून आहे हे पाहायचं तर तो भाग काढून टाकायचा आणि चालतंय का बघायचं. आजीमधून देव काढला तर तिचा चांगुलपणा चालला असता का? माणसावर हा प्रयोग करता येत नाही. पण आम्ही नातवंडं तो आठवणींत सर्रास करतो. ‘धार्मिक होती, पण मनाने उदार’, असं म्हणतो. त्या ‘पण’मधून देव हळूच बाहेर जातो आणि आपल्या सोयीची आजी उरते.

ती तशी नव्हती. आत्याने धर्माबाहेर लग्न केलं तेव्हा आजी गेली नाही. त्या रात्रीपासून आत्याचं नाव रोझरीत आलं आणि शेवटपर्यंत राहिलं. मला त्यात माया दिसते. आत्या म्हणते, “मी हरवले नव्हते, मला कशाला शोधत होती?” तिचंही खरं आहे. जी श्रद्धा अनोळखी मृतांसाठी झिजली, तीच पोटच्या मुलीच्या मांडवात पाऊल टाकू शकली नाही. यातली एक बाजू पुसून आजीला आठवणं म्हणजे दुसऱ्याच कुणाला तरी आठवणं. आत्या मिस्सेला येत नाही. तिनेही आजीला पूर्ण लक्षात ठेवलंय, असंच मी समजते.

म्हणून मी मिस्सा देते. माझ्या बाकीच्या सगळ्या आठवणी माझ्या भाषेत आहेत. वर्षातला हा एक तास तिच्या भाषेत. मी नाव नोंदवते, बाकावर बसते, सगळे उठले की उठते. पवित्र भाकर घ्यायला मात्र रांगेत जात नाही. ती घेणं म्हणजे ‘मी मानते’ असं म्हणणं, आणि ते मी मानत नाही. शब्द दिला होता मिस्सेचा, विश्वासाचा नाही. ढोंग आणि शब्दभंग यांच्यामधली वाट मला तरी एवढीच सापडली : दुसऱ्याची गोष्ट त्याच्या पद्धतीने करायची आणि आपण कुठे थांबतो ते लपवायचं नाही.

यंदा कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, “एकच नाव ना?” मी आजीचं सांगितलं आणि खाली आणखी एक ओळ लिहायला लावली : ज्यांचं कोणी नाही त्यांच्यासाठी. याचा शब्द मी कुणाला दिला नव्हता.