एकाचंच सुतक

जेम्स बाँड मेला, आणि जगभरातली कितीतरी शहाणीसुरती माणसं चित्रपटगृहातून डोळे पुसत बाहेर पडली. काही तर संतापून बाहेर पडली. ही गोष्ट 2021 ची. ‘नो टाइम टू डाय’ हा त्या मालिकेतला पंचविसावा चित्रपट. एप्रिल 2020 मध्ये यायचा होता, पण करोनामुळं तारीख पुढं पुढं जात सप्टेंबर 2021 च्या शेवटी आला. दीड वर्ष वाट बघितलेल्या चाहत्यांना पावणेतीन तासांच्या शेवटी काय बघायला मिळालं, तर आपल्या नायकावर येऊन पडणारी क्षेपणास्त्रं. 1962 च्या ‘डॉ. नो’पासून असं कधी घडलं नव्हतं.

त्या वेळी महाराष्ट्रातली चित्रपटगृहं बंदच होती, ती 22 ऑक्टोबरला उघडली. कर्नाटकात मात्र चालू होती. त्यामुळं माझा कोल्हापूरचा भाचा करोना तपासणीचा कागद खिशात घालून खास या सिनेमासाठी बेळगावला आमच्याकडं आला. सीमाभागाचा असाही उपयोग! रात्री परत आला तो चेहरा पाडून.

“मावशी, बाँडला मारलं की गं त्यांनी!”

घरातलं कुणी गेल्यासारखा त्याचा स्वर होता. मी म्हटलं, “अरे, सिनेमाच आहे की तो.” तर म्हणाला, “तसं नाही गं. बाँड मरूच शकत नाही. बाकी कुणीही मरू दे, बाँड नाही.”

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. पुढं तो चित्रपट मीही घरी बसून पाहिला, चाहत्यांनी काय काय म्हटलं तेही वाचलं, आणि बहुतेकांच्या बोलण्यात मला भाच्याचंच वाक्य सापडलं. कुणी म्हणत होतं, हा शेवट म्हणजे विश्वासघात. कुणी म्हणत होतं, डॅनियल क्रेगच्या पाच चित्रपटांची ही एक वेगळी गोष्ट होती, ती इथं संपली, एवढंच समजायचं. काहींनी जुनाच तर्क पुन्हा काढला, की जेम्स बाँड हे मुळी एका माणसाचं नाव नाहीच, खात्याकडून मिळणारं टोपणनाव आहे. म्हणजे हा मेला तरी दुसरा आहेच. आणि पुष्कळांना तो शेवट मनापासून आवडला, तेही रडले. पण चिडलेले काय, रडलेले काय, सगळे एकाच माणसाच्या सुतकात होते.

असं सुतक काही पहिलंच नव्हे. 1893 मध्ये कॉनन डॉइलनं शेरलॉक होम्सला धबधब्याच्या कड्यावरून नाहीसं केलं, तेव्हा ‘स्ट्रँड’ मासिकाच्या वीस हजारांवर वर्गणीदारांनी अंक बंद केला असं सांगतात. अखेर लेखकाला त्याला जिवंत परत आणावं लागलं. बाँडचा जनक इयान फ्लेमिंग यानंही 1957 च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या कादंबरीच्या शेवटी बाँडला विष लागून कोसळताना दाखवलं आणि तिथंच पुस्तक संपवलं. पुढच्याच वर्षी ‘डॉ. नो’मध्ये तो पुन्हा कामावर हजर! वाचकाचा जीव ज्याच्यात गुंततो, त्याला मारायचा हक्क लेखकालासुद्धा पुरता उरत नाही, हे खरंच आहे. त्यात वाईट काय? कल्पनेतल्या माणसासाठी डोळ्यांत पाणी येणं ही माणसाच्या मनाची श्रीमंती आहे. कादंबरी वाचताना आपण बायका काय कमी रडतो?

मला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. “बाकी कुणीही मरू दे.” हे बाकीचे कोण?

बाँडच्या नावामागं जे दोन शून्य लागतात, ते म्हणजे मारण्याचा परवाना. 2006 च्या ‘कॅसिनो रॉयाल’ची सुरुवातच अशी आहे, की दोन माणसं मारल्यावर त्याला ते शून्य मिळतात. गंमत बघा, फ्लेमिंगनं हे नाव उचललं होतं वेस्ट इंडिजच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका अभ्यासकाचं. पाखरं न्याहाळणाऱ्या माणसाचं नाव आणि काम हे असलं. आणखी एक गोष्ट. 1953 च्या मूळ ‘कॅसिनो रॉयाल’ कादंबरीत हाच बाँड दवाखान्यात पडल्या पडल्या त्या दोन हत्या आठवतो, आपण चांगले आणि समोरचा वाईट हे इतकं सरळ असतं का असा विचार करतो, आणि राजीनामा द्यायचं बोलतो. त्याचा एक सहकारी त्याची समजूत घालतो, आणि पुस्तक संपेतो तोही पुन्हा पहिल्यासारखा कठोर झालेला असतो. म्हणजे जो प्रश्न चाहत्यांना पडला नाही, तो खुद्द बाँडला पहिल्याच पुस्तकात पडला होता.

आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. त्यामुळं वर्दीतली मुलं, त्यांच्या आया, सुट्टी संपून जाताना स्टेशनवर होणारी निरोपानिरोपी हे आमच्या नेहमीच्या बघण्यातलं. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा सैन्यात आहे. एकदा त्या आमच्याकडं बसल्या होत्या आणि टीव्हीवर कुठलासा जुना बाँडपट चालू होता. बाँडनं बंदूक उचलली, वर पहाऱ्यावर उभा असलेला एक गणवेशातला माणूस खाली पडला. आमची पोरं “भारी!” म्हणून ओरडली. काकू हळूच म्हणाल्या, “ह्याच्या घरी कोण कळवणार हो?”

पोरं हसली. मलाही क्षणभर हसूच आलं, कारण तसा विचार करत बसलं तर असला सिनेमा पाच मिनिटंसुद्धा पुढं जाणार नाही. पण काकूंनी काही चुकीचं विचारलं नव्हतं. पहाऱ्यावरचा तो माणूस कुणाच्या तरी पगारावर काम करणारा असणार. त्याला त्या खलनायकाचा कट ठाऊक तरी असेल का? 1997 मध्ये ‘ऑस्टिन पॉवर्स’ नावाचा एक विनोदी सिनेमा आला, बाँडपटांची टवाळी करणारा. त्यात नेमकं हेच दाखवलेलं आहे: खलनायकाच्या हाताखालचा एक माणूस मरतो आणि त्याच्या घरच्यांना ती बातमी कळते. लोक त्यावर हसतात. जे गंभीर सिनेमाला जमत नाही, ते विदूषक हसत हसत सांगून जातो.

आता कुणी म्हणेल, आणि भाचा म्हणालाच, “मावशी, खेळ आहे तो. खरं कोण मरतंय त्यात?” हा मुद्दा खराच आहे, तो मी उडवून लावणार नाही. पडद्यावरचा पहारेकरी दिग्दर्शकानं ‘कट’ म्हटलं की उठतो, कपडे झटकतो आणि चहा प्यायला जातो. चित्रपट बघणं म्हणजे हिंसा करणं, असं मी म्हणणार नाही. आपल्या पुराणांतही लढाया आहेत, त्या आपण मुलांना रंगवून सांगतोच की.

पण मग बाँड तरी कुठं मेला? डॅनियल क्रेगही उठला, कपडे झटकले आणि घरी गेला. तरी भाच्याच्या गळ्यात आवंढा आला तो खोटा नव्हता. चाहत्यांचं रडणं आणि चिडणं आपण खरं मानतो, कारण प्रसंग खोटा असला तरी भाव खरा असतो. मग हाच न्याय टाळ्यांनाही लागू नको का? अश्रू खरे धरायचे तर टाळ्याही खऱ्या धराव्या लागतात. एकाच्या मरणाला दुःख आणि शंभरांच्या मरणाला शिट्टी, या दोन्ही गोष्टी एकाच मनातून निघतात, एकाच तिकिटावर.

आपल्या घरांत लहानपणापासून तीन शब्द कानांवर पडलेले असतात: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि केलेल्याला मनानं संमती देणं. पहिली दोन सांभाळणं आपल्याला फारसं जड जात नाही. मुंगीवर पाय पडू नये म्हणून आपण खाली बघून चालतो, पाणी गाळून घेतो. अवघड आहे ते तिसरं. कारण ते हातानं घडत नाही, मनानं घडतं, आणि तिथं कुणी बघायलाही नसतं. सोफ्यावर बसून “भारी!” म्हणणाऱ्या मुलाला पाप लागलं असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण मनाला कशाची सवय लागते आहे, एवढं बघायला अधिकार लागत नाही.

आणि ही सवय पडद्यापुरती राहते असंही दिसत नाही. 2019 मध्ये बातमी फुटली, की नव्या चित्रपटात 007 हा क्रमांक लशाना लिंच या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडं जाणार आहे. बाँड निवृत्त झालेला असतो, म्हणून तो आकडा तिला मिळतो, इतकीच ती गोष्ट. पण त्यावरून त्या अभिनेत्रीला इतकं वाईटसाईट ऐकावं लागलं, की तिनं काही काळ समाजमाध्यमांपासून लांब राहणं पसंत केलं. कल्पनेतल्या माणसाच्या आकड्यावर अन्याय होऊ नये, म्हणून खऱ्या बाईला घायाळ करायचं! ज्याच्यावर जीव जडला तो आपला, बाकीचे कुणीही असोत, हे गणित एकदा मनात बसलं की ‘बाकीच्यां’मध्ये जिवंत माणसंही येतात.

मोठी माणसंसुद्धा यातून सुटत नाहीत. 2015 मध्ये ‘स्पेक्टर’ हा बाँडपट आपल्याकडं आला, तेव्हा सेन्सॉर मंडळानं त्यातली चुंबनं निम्मी कापायला लावली. केवढी थट्टा झाली त्याची, ‘संस्कारी बाँड’ म्हणून! थट्टा झाली ती चुंबनं कापल्याबद्दल. माणसं मारलेली तशीच राहिली याचं मात्र फारसं कुणाला काही वाटलं नाही. आपल्या घरांतही रिमोट कधी शोधला जातो ते आठवून बघा. दोन माणसं जवळ आली की सासूबाई खाकरतात, कुणीतरी घाईनं चॅनल बदलतं. माणूस गच्चीवरून खाली पडला, तर भाजी निवडणारे हात थांबतसुद्धा नाहीत.

म्हणूनच मला ‘नो टाइम टू डाय’चा शेवट चाहत्यांच्या तक्रारीइतका वाईट वाटला नाही. त्यात असं आहे, की खलनायक बाँडच्या शरीरात असं काही सोडतो, की यापुढं त्यानं आपल्या प्रेमाच्या बाईला किंवा आपल्या लहान मुलीला नुसता हात लावला तरी त्या मरतील. ज्या हातांनी आजवर परवाना घेऊन माणसं मारली, त्या हातांना आता स्वतःच्या लेकीच्या गालावरून फिरायची मुभा नाही. मग तो बेटावरच थांबतो. इतक्या चित्रपटांत मरण इतकं स्वस्त झालं होतं, इथं ते पहिल्यांदा महाग झालं. जी माणसं रडली, त्यांना मरण म्हणजे काय ते बाँडपटात क्वचितच दिसलं होतं, ते इथं पुरतं दिसलं. ते रडणं थांबवू नये असंच मला वाटतं. ते थोडं पुढं सरकावं, एवढंच. कारण त्याच चित्रपटात, थोडंसंच आधी, बेटावरच्या जिन्यात बाँड एकामागून एक माणसं पाडत वर जातो. शेवटी त्याचे सहकारी त्याच्या आठवणीत पेले उंचावतात. जिन्यातल्यांसाठी कुणाच्याही हातात पेला नव्हता.

भाच्याशी यावर माझं बरंच बोलणं झालं. त्याला सगळं पटलं असं नाही. “असं बघायला लागलो तर मजाच जाईल,” असं तो म्हणतो. मजा थोडी जाईलही. पण माणसाच्या जिवाची किंमत कळायला थोडी मजा गेली, तर तो सौदा मला महाग वाटत नाही. आणि मी त्याला बघू नको असं म्हटलेलंही नाही. मुलांना टीव्हीसमोरून उठवून काही साधत नाही, ती दुसऱ्या खोलीत मोबाइलवर बघतात.

चित्रपटाच्या शेवटी, नावं सरकून गेल्यावर, जेम्स बाँड परत येणार असं पडद्यावर लिहून येतं. तो येईलच. पुढच्या बाँडपटाचं दिग्दर्शन डेनी व्हिलनव्ह करणार हे 2025 मध्ये जाहीरही झालं आहे. चेहरा नवा असेल, गाडी नवी असेल, चाहते पुन्हा रांगेत उभे राहतील, पुन्हा भांडतील. आपली मुलंबाळंही त्यांत असतील, आणि आपणही शेजारी बसून बघू. तेव्हा वरून कुणी खाली पडलं, की काकूंचा प्रश्न एकदा, फक्त एकदाच, मोठ्यानं विचारावा. मुलं हसतील, हसू देत. हसता हसता एखाद्यानं क्षणभर त्या पडलेल्याकडं बघितलं, तरी पुष्कळ झालं.