आप्तांविना मूळगाव

परदेशी वाढलेली पिढी पूर्वजांच्या गावी येते तेव्हा तिच्या मनातील ओढीचे वर्णन आपल्याकडे पुष्कळ होते. परंतु ज्यांनी ते गाव सोडलेच नाही, ज्यांनी घरपट्टी भरली, हिश्शांचे बखेडे मिटविले आणि येणाऱ्याला दोन दिवस का होईना आपल्या पंक्तीला बसविले, त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो. माझ्या मते मूळगावाशी असलेले नाते येणाऱ्याच्या ओढीवर तगत नाही. त्याला आपला म्हणणारे माणूस, अथवा माणूस गेल्यावरही त्याचा हक्क मानणारे एखादे स्थान, तेथे शिल्लक आहे की नाही, यावर ते तगते. हे विधान पारखून पाहण्यासाठी पुणेकराने रास्ता पेठेपर्यंत गेले तरी पुरे.

तेथील सुक्कथ शेलोमो हे बेने इस्रायल ज्यूंचे प्रार्थनामंदिर 1921 सालचे. लष्कर भागातील लाल देऊळ हे ज्यू प्रार्थनामंदिर त्याहून अधिक प्रसिद्ध, आणि डेव्हिड ससून यांची समाधीही त्याच्याच आवारात. पण ससून बगदादहून आलेले, आणि बेने इस्रायल मात्र पक्के कोकणी. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून वाचलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचा घाणा चालविणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे म्हणून कुलाब्याच्या मुलखात ते शनवार तेली ठरले, आणि पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांचीच आडनावे त्यांनी धारण केली. पुढे पलटणीतील व सरकारी कचेऱ्यांतील नोकऱ्यांनी त्यांना पुण्या-मुंबईस आणले आणि 1948 नंतर त्यांच्यातील बहुसंख्य इस्रायलला गेले. तेथील स्वागत काही निर्भेळ नव्हते. काही कुटुंबे 1952 मध्ये भारतात परतली. विवाहप्रसंगी त्यांच्या ज्यूपणाविषयीच शंका घेणाऱ्या धर्मपीठाविरुद्ध इस्रायलमध्येच राहिलेल्यांना 1964 पर्यंत झगडावे लागले. शिवाय उभय देशांत पूर्ण राजनैतिक संबंध 1992 मध्ये जुळले, तोवर येणेजाणे अवघडच होते.

म्हणजे इस्रायलमधील दिमोना वा अश्दोद येथील नातवंडांना कोकणात फिरण्याची खरी मोकळीक मिळाली, तेव्हा त्यांना भेटावेत असे चुलते आणि मावश्या बहुतेक वाड्यांतून केव्हाच निघून गेल्या होत्या. तरीही ती येतात. अलिबागजवळच्या खंडाळे येथील ज्या खडकावर एलिया संदेष्ट्याच्या रथाची खूण आहे असे मानतात, तेथे जातात. पोहे, नारळ, साखर आणि फळे यांचा मलिदा मांडून पूर्वजांनी बोललेला नवस फेडतात. नवगावच्या स्मृतिस्तंभापाशी उभी राहतात. आप्त उरला नसला तरी विधी उरला आहे, आणि विधीला ठरलेली जागा आहे. अर्थात या जागा आपोआप राहत नाहीत. कुलूप उघडणारे, दिवाबत्ती पाहणारे, सण आल्यावर प्रार्थनेसाठी आवश्यक दहा पुरुष जमविण्याची खटपट करणारे मोजकेच लोक मागे आहेत. त्यांच्या या श्रमांना सेवा म्हणण्याचे सौजन्यही आपण फारसे दाखवीत नाही.

हा काही केवळ एका अल्पसंख्य समाजाचा विशेष नव्हे. पेशवाईत कोकणातून घाट चढून आलेल्या कित्येक पुणेरी घराण्यांचे गुहागरात आज एकही बिऱ्हाड नाही, पण व्याडेश्वराला अभिषेक करण्यासाठी ती अजून जातात. तेथे गुरुजी कुळ विचारतात, आणि ते सांगता आले म्हणजे परकेपण संपते.

मला शंका आहे ती आजच्या कोथरुडाविषयी, औंधाविषयी. येथील मुले अमेरिकेत स्थायिक झाली. नातवंडे डिसेंबरात येतात, आजीच्या हातचे खातात, लक्ष्मी रस्त्यावर खरेदी करतात आणि परततात. आजी आहे तोवर हा क्रम निर्वेध चालतो. परंतु या भेटीचा सारा भार एका वृद्ध व्यक्तीवर आणि एका सदनिकेवर टाकलेला आहे. व्यक्ती जाते आणि सदनिका पुनर्विकासात जाते किंवा विकली जाते. गणपती अमेरिकेतही बसतो, ही समाधानाची गोष्ट खरी. पण त्यामुळे पुण्यास येण्याचे ते एक कारणही उणे होते, हे कोणी ध्यानी घेत नाही. बेने इस्रायल या प्रवासात आपल्यापुढे एक-दोन पिढ्या आहेत, आणि त्यांच्यापाशी निदान खंडाळ्याचा खडक आहे. आपण वारसाचे नाव सोसायटीच्या दप्तरी लावतो, कुलमुखत्यारपत्र करतो, बँकेचे खाते संयुक्त करतो. मात्र आजीच्या पश्चात त्या नातवाने पुण्यास उतरून कोणाकडे जावे, याची तजवीज केलेले घर माझ्या तरी पाहण्यात नाही.