तोंड नसलेल्याचे वर्णन

शिकारी पक्ष्यांच्या आतड्यात राहणाऱ्या काटेरी डोक्याच्या कृमीचे वर्णन वाचायला घेतले, की सुरुवातीलाच नकारांची रांग लागते. तोंड नाही. अन्ननलिका नाही. आतडे नाही. गुदद्वार नाही. डोळे नाहीत. सेंट्रोऱ्हिंकस हे या वंशाचे शास्त्रीय नाव. घारी, शिक्रे, घुबडे यांच्या पोटात तो जगभर आढळतो आणि भारतातल्या शिकारी पक्ष्यांतूनही त्याच्या अनेक जाती वर्णिल्या गेल्या आहेत. ही वर्णने रुक्ष असतात, मोजमापांनी भरलेली असतात आणि त्यांत लेखकाचे मत कुठेच नसते, असा समज आहे. पण कोणाचीही ओळख त्याच्यापाशी काय नाही इथून करून द्यायची, हे वर्णन म्हणायचे की निवाडा?

जे आहे ते पाहू. शरीराच्या टोकाला एक सोंड असते. तिच्या पुढच्या भागावर मुळे असलेले आकडे, मागच्या भागावर बिनमुळांचे साधे काटे. सोंड आत ओढून घेण्याची स्नायूंची पिशवी बहुतेक काटेरी कृमींत सोंडेच्या बुडाशी जोडलेली असते. या वंशात ती सोंडेच्या मध्यावर जोडलेली असते आणि ओळख पटवायला तेवढी एक खूण पुष्कळ उपयोगी पडते. सोंड पक्ष्याच्या आतड्याच्या भिंतीत रुतते, बाकीचे शरीर आतल्या पाचक रसात तरंगते आणि सगळ्या त्वचेतून अन्न शोषते. म्हणजे ‘तोंड नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा जेवायला तोंडच लागते हे आधीच गृहीत धरलेले असते. या प्राण्याचे अख्खे अंगच जेवते.

मादीच्या पोटातली रचना तर मला प्रत्येक वेळी थांबवते. तिचे अंडाशय लवकरच फुटून त्याचे गोळे होतात आणि ते देहपोकळीत मोकळे फिरतात. अंडी तिथेच पिकतात. देहपोकळीत उघडणारा, घंटेच्या आकाराचा एक स्नायुमय अवयव असतो. तो आकुंचन-प्रसरण पावत अंडी आत ओढतो, पिकलेली पुढे गर्भाशयाकडे सोडतो आणि कच्ची परत देहपोकळीत ढकलतो. मेंदू म्हणावा तर मज्जापेशींची एक लहानशी गाठ, आणि तरी ही निवड दिवसरात्र चालू. नराजवळ सिमेंट ग्रंथी असतात. समागमानंतर त्यांच्या स्रावाने तो मादीचे द्वार बंद करून टाकतो. हे सारे ज्याच्यात आहे, त्याला ‘साधा’ किंवा ‘खालच्या दर्जाचा’ प्राणी म्हणताना जीभ थोडी अडखळायला हवी.

ती अडखळत नाही, याला इतिहास आहे. 1880 साली रे लँकेस्टर या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने ‘डिजनरेशन’ नावाचे छोटे पुस्तक लिहिले. अन्न आणि सुरक्षितता आयती मिळाली की प्राणी खालावतो, पाय जातात, डोळे जातात, उरते ती पिशवी, असा त्याचा मुद्दा. आणि लगेच तो माणसांवर आला: अचानक पैसा मिळालेला धडधाकट माणूस, जगाची दौलत हाती आलेले रोम. शरीररचनेतून नीतिशास्त्राकडे ही उडी इतकी सहज पडते, की ती उडी आहे हेच लक्षात येत नाही. मराठीत आपण ती शब्दांतच घेऊन बसलो आहोत. बांडगूळ, आयतखाऊ, आयत्या बिळावर नागोबा. बांडगूळ ही खरी तर हिरवी पाने असलेली, स्वतःचे अन्न बऱ्याच अंशी स्वतः तयार करणारी वनस्पती. पण तिची बाजू कोण ऐकतो.

आयते कोण खाते, हा प्रश्न चेन्नईत आणखी गुंततो. शहराच्या दक्षिणेला पळ्ळिकरणैची पाणथळ आहे आणि तिलाच खेटून, खरे तर तिच्याच अंगावर, पेरुंगुडीचा कचऱ्याचा डोंगर. 2022 साली ही पाणथळ रामसर यादीत गेली. डोंगर तिच्याआधीपासून होता. वर घारी फिरतात. त्या आपल्या उष्ट्यावर जगतात म्हणून त्यांना कुणी परोपजीवी म्हणत नाही. त्यांना सफाई कामगार म्हणण्याची पद्धत आहे. आता कृमीचा रस्ता पाहा. घारीच्या विष्ठेतून पडलेले अंडे एखादा किडा खातो. किड्याला बेडूक किंवा सरडा खातो आणि त्याच्या शरीरात अळी थांबून राहते, न वाढता, वाट पाहत. तो बेडूक घारीच्या पोटात जाईल की नाही, हे अळीच्या हातात नसते. बहुतेकींची वाट तिथेच संपते. आयते खाणाऱ्याला एवढी अनिश्चितता परवडत नाही.

वर्णन करण्याची रीतही पाहायला हवी. सोंड पूर्ण बाहेर आल्याशिवाय आकडे मोजता येत नाहीत; म्हणून जिवंत कृमी साध्या पाण्यात ठेवतात. तो फुगतो, सोंड बाहेर पडते, तो मरतो. मग कार्माइनने रंगवणे, पारदर्शक करणे, काचपट्टीवर बसवणे, सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या आरशातून रेषा उतरवून घेणे. या सगळ्याच्या आधी पक्षी मेलेला असतो. पूर्वी तो बहुधा गोळी घालून मिळवलेला असे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर तसे करता येत नाही. आणि निबंधात त्या पक्ष्याला एक ओळ मिळते: यजमान, अमुक.

उलट उदाहरण मद्रासमध्येच आहे. टी. सी. जर्डन या मद्रासच्या लष्करी शल्यचिकित्सकाने 1843 ते 1847 या काळात इथूनच भारतीय पक्ष्यांचा सचित्र ग्रंथ काढला. तुरेवाल्या एका शिकारी पक्ष्याला त्याचे नाव मिळाले आहे. अशा ग्रंथांत पक्षी पिसांसकट, रंगांसकट, फांदीवर ऐटीत बसलेला दिसतो आणि त्याच्या आत कोण राहते त्याला एक ओळही नसते. दोन्ही वर्णने अचूक, आणि दोन्हींत दुसरा गाळलेला. तिसरी तऱ्हा मला तंजावरच्या सरस्वती महालात दिसते. सरफोजीराजे तरुणपणी काही वर्षे मद्रासला राहिले होते. पुढे त्यांनी तंजावरला डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी करवून घेतल्या. रोगी डोळ्याचे रंगीत चित्र, आणि सोबत आजाराची व उपचाराची हकिगत. रोग आणि ज्याला तो झाला तो, एकाच कागदावर.

तसे कृमीच्या बाबतीत करावे का? मला कृमीचा कळवळा येत नाही आणि यावा असे वाटतही नाही. आजारी घार कोणी दवाखान्यात आणली आणि पशुवैद्याने तिला जंताचे औषध दिले, तर त्यात मला काही चुकले असे दिसत नाही. पण कॅलिफोर्नियात 1987 साली उरलेसुरले रानटी काँडोर पकडून आणले, ते वाचावेत म्हणून त्यांच्यावर कीटकनाशक घातले, आणि फक्त त्यांच्याच अंगावर राहणारी उवांची एक जात त्यात संपली असे मानले जाते. पक्षी वाचवणाऱ्यांना दोष देणे अवघड आहे. तरीही कुणीतरी ती ऊ आधीच नीट पाहून, काढून, तिचे नाव लिहून ठेवले होते, म्हणून काय गेले ते निदान सांगता येते. आपल्याकडे डायक्लोफिनॅकने पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्व्याण्णवांहून अधिक गेली. 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद झाले. तमिळनाडूत मोयारच्या खोऱ्यात थोडी उरली आहेत. गिधाडांबरोबर त्यांच्या पोटातले कोण कोण गेले, हा प्रश्न ऐकून लोक हसतात. हसण्यात त्यांची चूक नाही. आवडीनिवडीने भरलेल्या जगात तो प्रश्न हास्यास्पदच वाटणार.

म्हणूनच त्या रुक्ष निबंधांवर माझा लोभ आहे. त्यांतला लेखक कृमीवर प्रेम करत नाही, त्याला माफही करत नाही. आकड्यांच्या ओळी किती, एका ओळीत आकडे किती, सर्वांत मोठा किती मायक्रोमीटरचा, हे तो पुन्हा पुन्हा मोजतो, आणि दोन नमुने जुळले नाहीत तर दोन्ही आकडे देतो. ‘तोंड नाही’ हे त्यालाही लिहावे लागते, कारण वाचणारे आपण तोंडवाले आहोत. शेवटी काचपट्टीच्या कडेला चिठ्ठी चिकटवली जाते: यजमान, ठिकाण, गाव, तारीख. ठिकाण म्हणजे ‘लहान आतडे’. चेन्नई त्याच्या खालच्या ओळीत येते.