मागचा दिवा

ट्रॅक्टरचा पुढचा दिवा गेला तर ड्रायव्हर त्याच रात्री बोंब मारतो. ट्रॉलीचा मागचा लाल दिवा गेला तर आख्खा हंगाम सरतो, कुणाला पत्ता नसतो. पुढचा दिवा आपल्यासाठी असतो, मागचा दुसऱ्यासाठी. अंधारात आपल्या मागनं कोण येतंय हे आपल्याला ठाऊक नसतं, आणि त्यानं वेळेवर ब्रेक मारला तर तो काही आभार मानायला घरी येत नाही.

माझ्या पुतण्याचे दोन ट्रॅक्टर आणि चार ट्रॉल्या कारखान्याच्या ऊस वाहतुकीला असतात. कारखाना बंद झाला की हंगामाच्या सगळ्या चिठ्ठ्या हिशेबाला माझ्याकडे येतात. दहावीपर्यंत शिकल्याचा एवढाच काय तो उपयोग. गेल्या उन्हाळ्यात त्यातनं वायरमनच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या. एकाच ट्रॉलीच्या लाईटसाठी तो पाच वेळा येऊन गेला होता. दसऱ्याला 'बल्ब टाकला'. दिवाळीनंतर 'वायर जोडली'. मग परत 'बल्ब टाकला'. मग 'पिना घासल्या'. शेवटची चिठ्ठी नुसती 'लाईट पाहिली'. पाचही नोंदी खऱ्या. पैसे पाचही वेळा दिलेले. आणि दिवा हंगामभर धड लागला नव्हता.

दुखणं अर्थचं होतं. दिव्याला वीज ट्रॅक्टरवरनं सात पिनांच्या सॉकेटातनं येते आणि तिची परतायची वाट अर्थच्या वायरीतनं, ट्रॉलीच्या लोखंडातनं. त्या वाटेवर गंज चढला की दिवा मिणमिणतो. ब्रेक मारल्यावर वाढायचा सोडून उलट मंद होतो. नवा बल्ब घातला, रिकाम्या, उभ्या ट्रॉलीला तो लागला, की वायरमन निघाला. फडातनं ऊस भरून ट्रॉली बांधावरनं आदळली की पुन्हा अंधार. 'अर्थ करायचा राहिला' असं एकाही चिठ्ठीवर नव्हतं.

आता यात खोटं कोण बोललं? वायरमननं जे केलं तेच लिहिलं. ड्रायव्हरनं वेळेवर सांगितलं. पुतण्यानं पैसे चुकवले नाहीत. तिघंही देवळात हात ठेवून सांगू शकतात. मग तो अंधार कुणाचा?

शेजारच्या गावात दोन वर्षांमागं असंच झालं. टायर फुटून भरली ट्रॉली रात्री रस्त्याकडेला उभी होती. मोटरसायकलवरचं पोरगं मागनं आदळलं, ते गेलंच. पन्नासच्या वेगानं गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते. ऊस दिसेपर्यंत उरतं काय? पारावर मात्र चर्चा एकच, पोरगं जोरात होतं. ट्रॉलीवाला सांगत होता, लाईट आठ दिवसांमागं केलीय, चिठ्ठी आहे. चिठ्ठी होतीही.

शेतात अर्धं काम आम्हाला नवं नाही. आमचा जन्मच अर्ध्या कामात जातो. पण अर्धी नांगरट दिसते, अर्धा रचलेला बांध दिसतो, येणारा जाणारा विचारतो, उरलेलं कधी? अर्धी वायरिंग दिसत नाही. न केलेल्या कामापेक्षा ती वाईट, असं माझं मत झालं आहे. दिवा बंद आहे हे माहीत असलं तर ड्रायव्हर मागं लाल फडकं तरी बांधतो, थांबला तर दगड-डहाळ्या तरी लावतो (ते दगड तो नंतर रस्त्यातच सोडून जातो, तो विषय वेगळा). 'लाईट केली' म्हटलं की तेवढंही कुणी करत नाही.

वायरमनला घरी बोलावून चहा दिला आणि पाचही चिठ्ठ्या पुढं ठेवल्या. तो चिडला नाही. म्हणाला, "आबा, दसऱ्याला एका दिवसात वीस ट्रॉल्या माझ्या डोक्यावर. अर्थ नीट करायचा तर गंज घासायचा, नवी वायर वढायची, अर्धा दिवस जातो. आणि काय राहिलं ते लिवलं तर मालक म्हणतो, मग पैसे कशाचे?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्याचं खरं होतं. खरं लिहिणाऱ्याचे पैसे आम्हीच कापतो आणि मग चिठ्ठ्या गोड येतात.

या हंगामाला पुतण्याला दोन गोष्टी सांगितल्या. चिठ्ठीवर 'केलं' खाली 'राहिलं' ही ओळ हवीच, आणि ती भरली म्हणून एक रुपया कापायचा नाही. दुसरं, लाईट तपासायची ती भरल्या ट्रॉलीची, रात्री, मागं पन्नास पावलांवर उभं राहून. उसाचे शेंडे लोंबून चांगला दिवाही झाकतात, ते जवळनं कळत नाही.

तिसऱ्याच आठवड्यात चिठ्ठी आली. 'केलं : उजवा बल्ब, अर्थ. राहिलं : डावा होल्डर गंजलाय, तालुक्याहनं आणायचा. तवर रातचं भरू नये.' टोळीनं ऊस तोडून ठेवलेला, कारखान्याचा फोन, उसाचं वजन घटणार. पुतण्या माझ्याकडं बघत म्हणाला, "काका, एका बाजूची लागतीय की." मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ दारात उभा होता. ट्रॉली त्या रात्री फडातच राहिली. खेप बुडाली, आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.