सुरुवात हलवू नकोस

चि. अनघास,


ग्रंथालयाच्या सर्व्हरची व्हर्च्युअल डिस्क ४० जीबीवरून ८० जीबी करून घेतलीस, तरी आत ४०च दिसतात, म्हणून आज रात्रीच काय ते उरकायचं म्हणतेस. आज नको. त्या डिस्कवर जुन्या अंकांची स्कॅन केलेली पानं आहेत, आणि त्यातले काही अंक आता हात लावला तरी तुटतात. पुन्हा स्कॅन होणार नाहीत. आधी सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर घे आणि त्या प्रतीतली चार पानं उघडून बघ. स्नॅपशॉटही घे, पण मूळ डिस्कच गेली तर तिच्यावरचा स्नॅपशॉटही जातो.

बिघडलेलं काहीच नाही. डिस्कमध्ये पार्टिशन आणि पार्टिशनमध्ये फाइल सिस्टिम. बाहेरचं वाढलं म्हणून आतलं आपोआप वाढत नाही. सातबाऱ्यावर क्षेत्र वाढलं तरी नवा तुकडा नांगरावाच लागतो. वाढवताना आधी पार्टिशन, मग फाइल सिस्टिम. कमी करताना बरोबर उलट.

'एलएसब्लॉक' चालवून पार्टिशनांचा क्रम कागदावर उतरव. वाढवायच्या पार्टिशनला लागूनच पुढे मोकळी जागा हवी. विंडोजमध्ये बहुतेक वेळा तिथे रिकव्हरी पार्टिशन आडवं येतं, जुन्या लिनक्समध्ये स्वॅप. स्वॅप असेल तर बंद करून काढता येतो. एफएसटॅबमधली त्याची ओळ मात्र विसरू नकोस. जीपार्टेडने पार्टिशन सरकवायच्या फंदात पडू नकोस. सरकवताना आतला डेटा उचलून दुसरीकडे लिहिला जातो, आणि मध्येच वीज गेली तर अर्धा इकडे, अर्धा तिकडे.

नुसतं वाढवण्यात डेटा जागचा हलत नाही, म्हणून ते काम त्या मानाने सुरक्षित. अट एकच: पार्टिशनचा सुरुवातीचा सेक्टर तोच राहिला पाहिजे. एफडिस्कने पार्टिशन काढून पुन्हा बनवायची जुनी रीत आहे. काढल्यावर फक्त तक्त्यातली नोंद जाते, पानं तिथेच असतात. पण मूळ सुरुवात, समज, २०४८ व्या सेक्टरवर होती आणि नवी नोंद वेगळ्याच सेक्टरपासून झाली, तर फाइल सिस्टिम सापडतच नाही. शिवाय एफडिस्क जुनी सिग्नेचर पुसू का विचारतो, तेव्हा 'नाही'च म्हणायचं. त्यापेक्षा ग्रोपार्ट वापर, तो सुरुवातीला हात लावत नाही. त्याला डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा क्रमांक मध्ये जागा सोडून द्यायचा, आणि आधी ड्राय-रन करून बघायचं. एसएफडिस्कने सध्याचा तक्ता फाइलमध्ये उतरवून ती फाइल दुसऱ्या मशीनवर ठेव.

जीपीटी तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या टोकाला असते. डिस्क वाढली की ती प्रत मधेच राहते, म्हणून पार्टेड तक्रार करतो. घाबरू नकोस, 'फिक्स' म्हण. (एमबीआर असेल तर ५१२ बाइटच्या सेक्टरांवर २ टीबीच्या आसपास हद्द संपते, तुला तूर्त त्याची काळजी नाही.)

मग फाइल सिस्टिम. ईएक्सटी-४ असेल तर रिसाइझ-टू-एफएस. ती माउंट असतानाही वाढते. माउंट काढून करणार असशील तर तो आधी तपासणी करायला लावतो, ती टाळू नकोस. एक्सएफएस असेल तर एक्सएफएस-ग्रोएफएस, आणि ती माउंट असायलाच हवी. एक्सएफएस वाढवली की पुन्हा लहान करणं जवळजवळ अशक्य, तेव्हा सगळे ८० एकदमच देऊन टाकायचे का, याचा विचार कर.

रविवारी ग्रंथालय बंद असतं, सकाळीच बस. डिस्कवर बदल करणारी पहिली आज्ञा देण्याआधी तो कागद आणि ड्राय-रनचं उत्तर मला पाठव. मी फोनजवळ असेन.

तुझा,
नानामामा