प्रतिकृतीचे प्रामाण्य

चेक प्रजासत्ताकातील 'एडुआर्ड' या कंपनीने २०१४ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील 'मेसरश्मिट बीएफ १०९ जी-६' या जर्मन लढाऊ विमानाचा, १:४८ या प्रमाणातील, प्लॅस्टिकचा जुळणी-संच बाजारात आणला. संच देखणा होता. परंतु जगभरच्या हौशी मंडळींनी त्याला मोजपट्ट्या लावल्या आणि निर्णय दिला, की हे विमान ठरल्या प्रमाणाहून मोठे आहे. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ९.९२ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत तो २०७ मिलिमीटरांच्या आत बसावयास हवा. वाद होता तो मोजक्या मिलिमीटरांचा. कपाटात एकटेच ठेवलेल्या विमानात ही चूक सामान्य पाहणाऱ्याच्या ध्यानीही आली नसती.

जी दिसत नाही ती चूक ही चूक होय काय? माझ्या पंधरा वर्षांच्या नातवामुळे या विषयाकडे मी वळलो. 'आजोबा, दिसायला तर हुबेहूब आहे, मग भांडतात कशाला?' असे त्याने विचारले, तेव्हा साहित्याच्या अभ्यासात आयुष्य घालविलेल्या माणसाला हा प्रश्न परका वाटला नाही.

आपल्या काव्यशास्त्रात हा वाद हजार वर्षांहून जुना आहे. नटाच्या ठिकाणी रामाची प्रतीती होते ती कशी, हे सांगताना शंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त दिला. ती प्रतीती सत्य नव्हे, मिथ्या नव्हे, संशय नव्हे आणि केवळ सादृश्यही नव्हे. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी त्यावर घेतलेला आक्षेप मला अधिक बोचरा वाटतो. अनुकरण म्हणावयाचे तर मूळ पाहिलेले असावयास हवे. रामाला कोणी पाहिले आहे? विमानाच्या परीक्षकांची अवस्था फारशी निराळी नाही. ज्या आराखड्यावर संच ठेवून ते दोष काढतात, तो आराखडा पुष्कळदा कोणा हौशी अभ्यासकाने छायाचित्रांवरून सिद्ध केलेला असतो. संग्रहालयातले विमान मोजावे, तर त्याचा पत्रा दुरुस्तीत बदललेला असण्याचा संभव असतो. एका प्रतिकृतीला दुसऱ्या प्रतिकृतीने खोटे ठरवावयाचे, आणि दुसरीची परीक्षा कोणीच करावयाची नाही, असा हा व्यवहार चालतो.

तरीही भट्टतौतांचा आक्षेप येथे संपूर्ण लागू पडत नाही, असे मला वाटते. रामाच्या उंचीची नोंद नाही. विमानाच्या पंखांची आहे. संचाच्या खोक्यावर १:४८ हा आकडा छापला, की तेथे कला संपते आणि वचन सुरू होते. 'दिसायला तर ठीक आहे' हे उत्तर चित्रकाराला शोभेल. आकडा छापणाऱ्याला ते शोभत नाही.

मात्र आकड्याचे इमान सर्वत्र पाळता येत नाही, हेही मोजणाऱ्याने विसरता कामा नये. विमानाच्या पत्र्यांचे सांधे प्रतिकृतीवर कोरलेल्या रेघांनी दाखवितात. रेघ ०.२ मिलिमीटर रुंद धरली, तरी मूळ विमानात ती जवळजवळ एक सेंटिमीटरची फट होईल. तीत पेन्सिल सहज शिरेल. अशा फटींचे विमान कोणी उडविले नसते. परंतु प्रमाणात कोरलेली रेघ दिसणारच नाही, आणि रेघ न दिसणारे विमान साबणाच्या वडीसारखे भासेल. प्रमाण राखणारी प्रतिमा आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यासाठी प्रमाण मोडणारी प्रतिमा असा भेद प्लेटोने 'सोफिस्ट'मध्ये केला आहे. तो दुसरीकडे संशयाने पाहतो. या प्लॅस्टिकच्या विमानात दोन्ही एकाच अंगावर नांदतात, आणि तक्रार कोणी करीत नाही.

येथे एक कबुली देणे मला भाग आहे. तीसएक वर्षांपूर्वी एका ऐतिहासिक कादंबरीवर मी परीक्षण लिहिले होते. छापील कागदपत्रांशी ताडून कादंबरीकाराच्या तारखांतल्या चुका मी मोजून दाखविल्या आणि त्या मोजण्याचा मला अभिमानही वाटला. पुढे त्याच कागदपत्रांची शुद्ध केलेली आवृत्ती निघाली. मी चूक ठरविलेल्या तारखांपैकी एक कादंबरीकाराची बरोबर होती, माझा आराखडाच चुकीचा होता. खुलासा करावा असे मनात आले, केला नाही. ते गृहस्थ आता हयात नाहीत. 'एडुआर्ड'ने आपली चूक मान्य केली आणि २०१६ मध्ये त्याच विमानाचा संच नव्या साच्यांतून काढला. पोलादी साचे पुन्हा कोरणे हे खर्चाचे काम आहे. माझा खुलासा एका पोस्टकार्डात मावला असता.

आणखी एक गोष्ट या मोजमापाच्या उत्साहात बाजूस राहते. या विमानाच्या शेपटीवर नाझींचे चिन्ह असे. कायद्याच्या अडचणीमुळे पुष्कळ संचांत ते वगळतात, किंवा तुकड्यांत छापतात. ज्याने त्याने ते जोडून घ्यावे. 'हे आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकासारखेच ना?' असे नातवाने विचारले, तेव्हा त्या दोहोंतले अंतर समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली. मिलिमीटरभर पंख वाढला तर असत्य, आणि ज्या राजवटीसाठी ते विमान उडाले तिची खूण पुसली तर मात्र सभ्यता, ही विभागणी मला पटत नाही. पण ती खूण मुलांच्या खेळण्यावर मिरवावी, हेही मला म्हणवत नाही. या बाबतीत माझे मत अजून ठरलेले नाही.

ज्या काळात जी-६ ही आवृत्ती कारखान्यांतून बाहेर पडत होती, त्याच काळात, १९४३ पासून, फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीतील कैद्यांकडून बीएफ १०९ चे भाग करवून घेतले जात होते. परीक्षक जे रिव्हेट मोजतात, त्यांतले काही त्या हातांनी ठोकलेले असतील. कोणत्याही परीक्षणात मला हे आढळले नाही. आढळावे अशी अपेक्षाही कदाचित चुकीची असेल, कारण ते प्लॅस्टिकचे परीक्षण असते. नातवाला मात्र मी हे सांगितले. तो सुईच्या टोकाने धडावर रिव्हेटांची रांग उठवीत होता. काही वेळ त्याचा हात थांबला. मग त्याने विचारले, 'आजोबा, त्या लोकांनी ठोकलेल्या रांगा सरळ असतील का?'

मला सांगता आले नाही. त्याने पट्टी बाजूला ठेवली आणि उरलेली रांग हातानेच पुरी केली.